फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारी तक्रार बहुतेक वेळा तीन-चार शब्दांत आटोपते. "चालूच होईना." "काळा पडदा येतोय." "इंग्रजीत कायतरी लिहून येतं आणि थांबतं." एवढं सांगून गिऱ्हाईक मशीन काउंटरवर ठेवतं आणि "संध्याकाळपर्यंत होईल ना?" असं विचारतं. कऱ्हाडमध्ये बरीच वर्षं हे काम करणारा एक दुरुस्तीवाला अशा वेळी लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. तो आधी विचारतो, "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलं होतं?" उत्तर सरळ येत नाही. "काहीच नाही ओ, नेहमीसारखं बंद केलं" इथून सुरुवात होते. मग चहा येतो आणि खरी हकीकत हळूहळू बाहेर पडते. "सी ड्राइव्ह भरून लाल झाला होता. बाजूला एक बारकं पार्टिशन उगाच पडलेलं दिसलं. म्हटलं, उडवून टाकू."

या दुखण्यावर धंद्यात एक ठरलेला इलाज आहे: फॉरमॅट मारायचा. पेनड्राइव्ह लावायचा, विंडोज नव्यानं टाकायचं, ड्रायव्हर आणि ऑफिस घालून मशीन परत द्यायचं. त्याला लागणारा वेळ ठरलेला, पैसे ठरलेले आणि मशीन हमखास चालू होतं. "डेटा जाईल हं" असं दुरुस्तीवाला एकदा म्हणून घेतो, गिऱ्हाईक घाईत मान हलवतं, आणि आपण कशाला हो म्हणालो ते त्याला घरी गेल्यावर कळतं. कऱ्हाडच्या या माणसाचं मत याच्या नेमकं उलट आहे. पार्टिशन उडाल्यामुळे बंद पडलेल्या मशीनला फॉरमॅट हा सगळ्यात शेवटचा इलाज, कारण अशा मशीनमध्ये बिघडलेलं फार थोडं असतं. जे शाबूत आहे त्याचा खरा निकाल लागतो तो नव्यानं टाकलेल्या विंडोजमुळे.

हे समजायचं तर डिस्कच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह बाजारात आला. त्याच्याबरोबर आलेल्या डॉस २.० पासून पीसीवर डिस्कचे भाग पाडण्याची पद्धत सुरू झाली. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट मशीन चालू करणाऱ्या छोट्या कोडसाठी, पुढचे ६४ बाइट भागांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी. ६४ बाइटमध्ये १६ बाइटच्या चार नोंदी बसतात. कुठला भाग कुठून सुरू होतो, किती लांब आहे, कुठल्या प्रकारचा आहे आणि बूट कुठून करायचं, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. पार्टिशन डिलीट करणं म्हणजे यातली १६ बाइटची एक नोंद पुसणं. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून रानातला ऊस उपटला जात नाही. साध्या हार्ड डिस्कवरही नोंद गेली तरी फाइली जागच्या जागी राहतात. मालकाला मात्र त्या दिसत नाहीत, कारण विंडोज नोंद बघूनच आत जातं.

या जुन्या कोष्टकाला एमबीआर म्हणतात. सेक्टरचा आकडा ३२ बिटांत लिहायचा असल्यानं २ टीबीच्या पुढची जागा त्यात मांडता येत नाही. म्हणून जीपीटी ही नवी पद्धत आली. तिच्यात साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते, आणि सगळ्या कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. हे ऐकून काही हुशार गिऱ्हाइकं म्हणतात, "मग ती शेवटची प्रत वापरा की!" पहिले सेक्टर खराब झाले असतील तर ती प्रत कामाला येतेच. पण माणसानं स्वतःच्या हातानं पार्टिशन उडवलं असेल, तर उडवणारा प्रोग्राम दोन्ही प्रतींमधून नोंद काढतो. अशा वेळी उपयोगी पडतात त्या भागाच्या आत राहिलेल्या खुणा. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत त्या भागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. एफएटी३२ सहसा सुरुवातीपासून सहाव्या सेक्टरवर ठेवतं. या खुणा सापडल्या की भागाची हद्द पुन्हा आखता येते.

दुकानात येणारी सगळी मशीनं वरून सारखीच मेलेली दिसतात. आतली गोष्ट प्रत्येक वेळी वेगळी असते.

सगळ्यात सोपी तऱ्हा इंजिनिअरिंगच्या पोरांची. प्रोजेक्टसाठी विंडोजच्या शेजारी उबुंटू टाकलेलं असतं. सेमिस्टर संपलं, गेमला जागा हवी, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबुंटूचं पार्टिशन उडवतात. त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उमटतं. ग्रब हा लिनक्सबरोबर येणारा बूटलोडर. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसतो आणि बाकीचा पसारा लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो. पोरानं पसारा काढला, पहिला तुकडा तसाच राहिला. तो रोज सकाळी उठून आपलं सामान शोधतो आणि सापडलं नाही की तिथंच बसतो. विंडोज मागं धडधाकट असतं, पण त्याच्यापर्यंत पाळी येत नाही.

यावर इलाज थोडाच. जुन्या मशीनमध्ये विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि 'बूटरेक'ला 'फिक्सएमबीआर' सांगायचं. पहिल्या सेक्टरमधला कोड बदलतो, नोंदींना धक्का लागत नाही. यूईएफआय असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये तेवढंही करावं लागत नाही. सेटअपमध्ये जाऊन बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणला की बहुतेक वेळा काम भागतं. अशा कामाचे पैसे सांगताना दुरुस्तीवाल्यालाच संकोच वाटतो. हेच मशीन आधी दुसरीकडे फॉरमॅट मारून आलेलं असलं, की तो त्या पोराच्या प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल विचारायचं टाळतो.

दुसरी तऱ्हा एसएसडी बसवलेल्या मशीनची. जुना डेस्कटॉप हळू झाला म्हणून एसएसडी आणली जाते. ती बसवताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवतात आणि विंडोज एसएसडीवर टाकतात. मशीन सुसाट पळतं आणि सगळे खूश होतात. पण इन्स्टॉलेशनच्या वेळी जुन्या डिस्कवर आधीपासून 'सिस्टिम रिझर्व्हड' नावाचं बारीक पार्टिशन असेल, तर विंडोजचा सेटअप बूटच्या फाइली तिथंच टाकू शकतो. विंडोज ७ मध्ये हे पार्टिशन १०० एमबीचं असायचं, पुढच्या आवृत्त्यांमध्ये मोठं होत गेलं. वर्षभरानं मालक जुनी डिस्क काढतो, यूएसबी केसमध्ये घालतो, दुसऱ्या लॅपटॉपवर तिची सगळी पार्टिशनं उडवतो आणि तिची फोटो ठेवायची डिस्क करतो. इकडे डेस्कटॉप 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' म्हणून अडून बसतो. मालक सांगतो, "एसएसडी गेली बहुतेक." एसएसडीला काहीही झालेलं नसतं. विंडोजचं अख्खं घर तिच्यावर आहे, फक्त दार जुन्या डिस्कवर राहिलं. एमबीआर पद्धतीच्या मशीनमध्ये विंडोजचं पार्टिशन 'ॲक्टिव्ह' करायचं, 'बूटसेक्ट'नं बूटचा कोड लिहायचा आणि 'बीसीडीबूट'नं बूटच्या फाइली तिथंच तयार करायच्या. मशीन उठतं. टॅलीचा डेटा, पोरांचे फोटो, डेस्कटॉपवरचा पसारा सगळं जसंच्या तसं.

तिसरी तऱ्हा यूईएफआयच्या लॅपटॉपची. इथं बूटच्या फाइली एका वेगळ्या पार्टिशनमध्ये असतात. ते एफएटी३२ पद्धतीचं, विंडोजनं स्वतः केलं तर बहुधा १०० एमबीच्या आसपास, आणि त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं. डिस्क मॅनेजमेंट ते सहजासहजी उडवू देत नाही. पण 'डिस्कपार्ट' नावाच्या हत्याराला 'ओव्हरराइड' म्हटलं की ते कुणाचंही ऐकतं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट बऱ्याच मशीनवर अडकत होतं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा पुरत नव्हती. मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेल्या उपायात सी ड्राइव्ह २५० एमबीनं कमी करून याच हत्यारानं रिकव्हरी पार्टिशन उडवायचं आणि मोठं करून पुन्हा बनवायचं, अशा पायऱ्या होत्या. पायऱ्या बरोबर होत्या, पण पार्टिशनचा आकडा मात्र ज्याचा त्यानं बघून टाकायचा होता. त्या दिवसांत दुकानात आलेल्या एका लॅपटॉपवर मालकानं रिकव्हरीऐवजी बूटचंच पार्टिशन निवडलं होतं. "मी अगदी लिहिल्याप्रमाणेच केलं, सर," असं तो पुनःपुन्हा सांगत होता. त्यानं कमांड खरंच अक्षरशः तशीच टाकली होती, फक्त आकडा दुसऱ्याच्या मशीनचा होता.

उडालेलं बूटचं पार्टिशन परत बनवायचं काम दुरुस्तीवाला कुणी समोर बसून बघत असेल तरच करतो, कारण बघणाऱ्याला त्यातून काहीतरी कळतं. पेनड्राइव्हवरून बूट करायचं आणि शिफ्ट-एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. आधी फक्त बघायचं: डिस्क कुठली, तिच्यावर पार्टिशनं किती, रिकामी जागा कुठं. इथं ड्राइव्हची अक्षरं नेहमीची नसतात; घरचा सी इथं डी म्हणून दिसू शकतो. म्हणून विंडोजचा फोल्डर कुठल्या अक्षरावर आहे हे यादी काढून पाहायचं. मग उडालेल्या जागेत नवं ईएफआय पार्टिशन करायचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचं, त्याला एक तात्पुरतं अक्षर द्यायचं आणि 'बीसीडीबूट'ला सांगायचं की विंडोज इथं आहे, बूटच्या फाइली तिथं टाक. अख्ख्या डिस्कवर फॉरमॅट मारायचा तो एवढाच, आणि तोही रिकाम्या जागेवर. ती जागा बहुतेक वेळा रिकामीच सापडते, त्यालाही कारण आहे. डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्ह त्याच्या लगेच पुढच्या जागेत वाढवू देतं, मागच्या जागेत नाही. आणि बूटचं पार्टिशन सहसा सीच्या मागं असतं. ज्या जागेसाठी मालकानं सगळा उद्योग केला, ती त्याला शेवटपर्यंत वापरता येत नाही.

इथपर्यंतच्या तिन्ही तऱ्हांमध्ये मालकाच्या फाइलींना कुणी हात लावलेला नाही. बूट न होणं आणि डेटा जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण दुकानात दोन्ही एकाच पावतीवर लिहिली जातात आणि दोन्हीवर एकच औषध दिलं जातं. दुरुस्तीवाल्याची सगळी तक्रार याच पावतीबद्दल आहे.

मात्र एका छापखान्याच्या मशीनमध्ये दोन्ही दुखणी एकदमच आली होती. मशीन एक्सपीचं, त्यावर मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, आणि त्याचा मागं पॅरलल पोर्टला लावायचा लॉक. ते पुन्हा इन्स्टॉल करायचं तर सीडी हवी, आणि सीडी कधीच हरवलेली. सी ड्राइव्हमध्ये जुनं विंडोज ९८, डीमध्ये वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि दिवाळी अंकांची पानं, ईमध्ये एक्सपी. भाच्यानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि कुठलंसं पार्टिशन रिकामं समजून डी उडवला. परत जोडल्यावर एक्सपी म्हणू लागलं की 'एचएएल.डीएलएल' ही फाइल नाही किंवा खराब झाली आहे. फाइल जागेवरच होती. एक्सपीच्या 'बूट.आयएनआय' फाइलमध्ये विंडोज कितव्या पार्टिशनमध्ये आहे त्याचा आकडा लिहिलेला असतो. मधला डी गेल्यामुळे तिसरं पार्टिशन दुसरं झालं, आणि एक्सपी तिसरं शोधत बसलं.

आकडा बदलून मशीन उठवता आलं असतं. पण मग एक्सपी चालू होऊन त्याच डिस्कवर लिहायला लागलं असतं, आणि वर्षानुवर्षांचं काम असलेला डी नोंदीविना तसाच पडून राहिला असता. छापखान्याचे काका म्हणाले, "मशीन राहू द्या हो, ती पानं तेवढी काढून द्या." म्हणून आधी डिस्क बाहेर काढून लिनक्सच्या मशीनला लावली आणि 'डीडीरेस्क्यू'नं तिची शब्दशः प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. मूळ डिस्क कपाटात गेली. पुढचं सगळं काम प्रतीवर. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेला 'टेस्टडिस्क' हा प्रोग्राम फुकट मिळतो, त्याला खिडक्या नाहीत की चित्रं नाहीत, आणि या कामात त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. तो डिस्क चाळतो, बूट सेक्टरच्या खुणा शोधतो आणि सापडलेल्या भागांची यादी देतो. वरवरच्या शोधात डी सापडला नाही. खोल शोध लावला तेव्हा सापडला, आणि त्याच्याबरोबर फार पूर्वी कधीतरी पाडलेल्या भागांची भुतंही सापडली, एकमेकांच्या हद्दीत घुसलेली.

इथं घाई केली तर सगळं जातं. यादीत सापडलेला प्रत्येक भाग खरा नसतो. 'टेस्टडिस्क'मध्ये पी दाबलं की त्या भागातल्या फाइलींची नावं दिसतात. एका भागात काहीच उघडेना, दुसऱ्यात अर्धी नावं कचरा. तिसऱ्यात पेजमेकरच्या पी६५ आणि कोरलच्या सीडीआर फाइली ओळीनं आल्या. काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी नावं ओळखली: अमक्याची मुंज, तमक्याची वास्तुशांत, पतसंस्थेचा अहवाल. त्यांनी मान हलवल्यावरच नोंद प्रतीवर लिहिली गेली. आधी पानं तिसऱ्या डिस्कवर उतरवली, मग ती प्रत छापखान्याच्या मशीनला जोडली. डी परत आल्यामुळे एक्सपी पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. एका नोंदीनं काम परत मिळालं आणि मशीनही उठलं.

जुन्या फिरत्या डिस्कवर हे साधलं. एसएसडीवर साधेलच असं नाही, आणि हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. विंडोज ७ पासून फाइल डिलीट करणं, फॉरमॅट मारणं, पार्टिशन उडवणं यांच्याबरोबर एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना जाऊ शकते: ही जागा आता कुणाची नाही, मोकळी करून टाक. एसएसडी ती जागा स्वतःच साफ करते, आणि मग तिथं वाचायला गेलं तर बहुतेक वेळा नुसती शून्यं मिळतात. एसएसडीतली बूटची नोंद दुरुस्त करता येते, पण उडवलेल्या डेटा पार्टिशनबद्दल कुणी "शंभर टक्के काढून देतो" म्हणत असेल तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नये.

दुसरी अडचण कुलपाची. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप बिटलॉकरनं बंद होते, आणि बूटच्या भागात बदल झाला की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. खातं कुठल्या ईमेलनं उघडलं होतं हे मालकाला आठवत नसेल, तर दुरुस्तीवाल्याच्या हातात काहीही उरत नाही. पार्टिशन परत आणता येईल, पण ते उघडणार नाही.

आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घरच्या घरी, एका क्लिकनं. नोंद बिघडलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की विंडोज आपणहून विचारतं: डिस्क इनिशिअलाइज करू? किंवा: वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू? प्रश्न इतक्या नम्रपणे विचारलेला असतो की माणूस हो म्हणून मोकळा होतो. लिनक्सची चांगली डिस्कसुद्धा विंडोजला वाचता येत नाही आणि तिच्याबद्दलही ते हेच विचारतं. कुणी डेटा परत आणणारा प्रोग्राम डाउनलोड करून त्याच डिस्कवर टाकतं, म्हणजे ज्या जागेतून काढायचं तिथंच भरतं. लिनक्सच्या मशीनवर चुकून चालू डिस्कचं कोष्टक पुसलं गेलं असेल, तर मशीन बंदही करू नये. भाग वापरात असतील तोवर कर्नलच्या आठवणीत त्यांची सुरुवात आणि लांबी बहुधा शाबूत असते. ते आकडे कागदावर उतरवून घेतले की नोंद पुन्हा जशीच्या तशी लिहिता येते. रीस्टार्ट केलं की ती आठवणही जाते.

म्हणून वाचकांना दुकानाच्या काउंटरवरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पार्टिशनला हात लावण्याआधी डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. कुठला भाग किती मोठा होता हे त्यावरून कळतं आणि पुढचं काम निम्म्यानं हलकं होतं. बिटलॉकरची की कागदावर लिहून घरात ठेवा. लागणाऱ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर असू द्या, आणि ती डिस्क अशा कामाच्या वेळी मशीनला जोडलेली नसू द्या. एवढं करूनही मशीन उठलं नाही, तर विंडोज जे काही विचारेल त्याला नाही म्हणा, मशीन बंद करा आणि दुरुस्तीवाल्याला शेवटचं काय उडवलं ते न लाजता सांगा. ते न विचारताच कुणी "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला, तर त्याच्याकडून आधी डिस्कची प्रत काढून घ्या. ती निघत नसेल तर मशीन उचला आणि दुसरं दुकान गाठा.